कायद्याची दया आणि वैरणीचा खर्च

जनावरांनी खच्चून भरलेला ट्रक पुण्याच्या वेशीवर अडविला जातो, गुन्ह्याची नोंद होते, वृत्तपत्रात चार ओळी येतात आणि वाचकापुरते प्रकरण मिटते. जनावरांचे प्रकरण मात्र तेथूनच सुरू होते. त्यांची रवानगी भोसरीच्या पांजरपोळासारख्या संस्थेत वा एखाद्या गोशाळेत होते. आणि पुढचा प्रश्न वैरणीचा असतो.

१९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने हा प्रश्न विचारात घेतलेला आहे. कलम ३५ नुसार दंडाधिकारी जनावर पांजरपोळाकडे सोपवू शकतो. पोषणाचा खर्च मालकाने द्यावा, न दिल्यास तो जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावा, अशी तरतूद आहे. २०१७ च्या नियमांनी खटला चालू असतानाच्या खर्चासाठी हमीपत्राचीही व्यवस्था केली. परंतु मालक निर्धन वा बेपत्ता असला आणि खटला रेंगाळला, तर कडबा, पाणी आणि औषधपाणी यांचा भार देणगीदारांवरच पडतो. खटल्याला पुढची तारीख देता येते, भुकेला नाही.

महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम १९७६ चा. त्यातील १९९५ च्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी झाली. म्हातारा बैलही शेणखत देतो, म्हणून तो निरुपयोगी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये गुजरातच्या खटल्यात मानले. ते खरेच, पण शेण मिळण्याआधी वैरण घालावी लागते. ज्या शेतकऱ्याला ती परवडत नाही, तो गोशाळेचे दार ठोठावतो.

राज्य शासनाने २०२४ मध्ये गोशाळांतील देशी गाईंसाठी दररोज प्रत्येकी ५० रुपये अनुदान मंजूर केले, हे स्वागतार्हच आहे. तथापि त्याच गोठ्यातील संकरित गाय आणि म्हैस या योजनेत बसत नाहीत. पोटाला मात्र वंशभेद ठाऊक नसतो. दुसरी विसंगती अधिक बोलकी आहे. १९६० च्या कायद्यातील कलम ११ अन्वये क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला कमाल दंड ५० रुपयेच आहे. म्हणजे अपराधाची किंमत एका गाईच्या एका दिवसाच्या अनुदानाएवढी!

कत्तलबंदी असावी की नसावी, याविषयी मतभेद राहतील. पण शासन ज्या जनावराला कायद्याने जगविते, त्याच्या पोषणाची तजवीज, मग ते कोणत्याही जातीचे असो, अंदाजपत्रकातही दिसली पाहिजे. एरवी कायद्याने दाखविलेल्या दयेचे देणे फेडण्यासाठी पांजरपोळांना दारोदार झोळी फिरवावी लागेल.