नळाच्या पाण्यावर यंत्राचा पहारा

पावसाळा लागला, की कुरखेड्यातील माझ्या दवाखान्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. “डॉक्टरसाहेब, पाणी तर काचेसारखं स्वच्छ आहे,” असे नातेवाईक सांगतात. पण रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी मोजूनच पारखावे लागते.

मोजायच्या मुख्य गोष्टी दोन : गढूळपणा आणि शिल्लक क्लोरीन. नदीला पूर आला, की गढूळपणा काही तासांत वाढतो व तुरटीचे प्रमाण बदलावे लागते. मातीच्या कणांआड जंतू दडतात, शिवाय गाळात क्लोरीनही खर्ची पडतो. म्हणून शेवटच्या नळालासुद्धा लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे, असे भारतीय मानक सांगते.

माणूस दिवसातून एक-दोनदा नमुना तपासतो; यंत्र अहोरात्र तपासते. गढूळपणा मोजणारे यंत्र पाण्यात प्रकाश सोडते आणि कणांवरून किती प्रकाश विखुरला ते पाहते. क्लोरीनमापक क्लोरीन कमी होताच मात्रा सोडणाऱ्या पंपाला तो वाढवायला लावतो. तरीही तूट राहिली, तर भोंगा वाजतो किंवा पुरवठा आपोआप थांबतो.

हे चोचले नव्हेत. मे २००० मध्ये कॅनडातील वॉकरटन गावी मुसळधार पावसाने शेणखतातील जंतू विहिरीत उतरले. विहिरीवर क्लोरीन सतत मोजणारे यंत्र नव्हते आणि वहीत खोटे आकडे भरले जात होते. दोन हजारांवर माणसे आजारी पडली, सात दगावली. असे यंत्र असते तर साथ टळली असती, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.

जलजीवन मिशनमध्येही २०२१ च्या सुमारास महाराष्ट्रासह पाच राज्यांतील काही गावांत अशी उपकरणे प्रयोगादाखल बसवली गेली. मात्र यंत्रालाही वीज लागते, सफाई लागते आणि ठरावीक काळाने त्याचे माप तपासून घ्यावे लागते. नाहीतर तेही खोटे बोलते!

वाचकहो, आपल्या नळाच्या पाण्याची ओ.टी. चाचणी ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत करून मागा. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. न आल्यास तक्रार करा व पाणी उकळून प्या. चाचणीचे पाणी मात्र फेकून द्या. जुलाब लागलेल्या बाळाला लगेच जलसंजीवनी सुरू करून दवाखान्यात आणा.