पुसलेले खरेच पुसले जाते का?

वडगाव निंबाळकरसारख्या गावातली एखादी शाळा डोळ्यांसमोर आणा. लॅपटॉप दोन-तीनच, वापरणारे मात्र बरेच. आज गणिताचे सर त्यावर निकालपत्रके करतात, उद्या मराठीच्या बाई तो नेतात आणि सुट्टीत तोच दहावीच्या एखाद्या मुलीला अभ्यासासाठी घरी दिला जातो. देण्यापूर्वी सर आपल्या फाइली ‘डिलीट’ करतात, रीसायकल बिनही रिकामा करतात. त्या फाइलींत मुलांची आधार कार्डे, जातीचे दाखले, पालकांच्या पासबुकाचे पहिले पान असे बरेच काही असते. ते सारे आता गेले, असे सर समजतात. खरेच गेले का?

हार्ड डिस्क म्हणजे लहान लहान कप्प्यांची मोठी मांडणी समजा. विंडोजमध्ये असा एक कप्पा बहुधा ४०९६ बाइट्सचा, म्हणजे ४ किलोबाइटचा असतो. ४ मेगाबाइटचा एक फोटो ठेवायला असे १०२४ कप्पे लागतात. कोणती फाइल कोणत्या कप्प्यांत आहे, याची नोंद संगणक एका अनुक्रमणिकेत ठेवतो.

आपण फाइल डिलीट करून बिन रिकामा करतो तेव्हा संगणक फक्त या अनुक्रमणिकेत खूण करतो : ‘हे कप्पे आता मोकळे.’ कप्प्यांतला मजकूर जागच्या जागीच असतो. ग्रंथालयाच्या यादीतून पुस्तकाचे नाव खोडले, तरी पुस्तक कपाटात असतेच, तसेच हे. त्या कप्प्यांवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर वाचता येतो. संगणक असे का करतो? वेळ वाचावा म्हणून. हजारो कप्पे पुसण्यापेक्षा एक खूण करणे केव्हाही सोपे. ‘क्विक फॉरमॅट’ही असाच : नवी कोरी अनुक्रमणिका, मजकूर जुनाच.

अमेरिकेतील सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू होत्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२! हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. उरलेल्या डिस्कच्या मालकांनी निष्काळजीपणा केला असेलच असे नाही. ‘डिलीट’ या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला असेल.

मग खरे पुसायचे कसे? हार्ड डिस्कच्या बाबतीत उत्तर सरळ आहे : प्रत्येक कप्प्यावर दुसरे काही लिहायचे. १९९६ साली पीटर गटमन यांनी ३५ वेळा लिहिण्याची पद्धत सुचवली होती. ती त्या काळच्या वेगवेगळ्या डिस्कसाठी होती. आजच्या डिस्कवर सर्वत्र एकदा शून्ये लिहिली तरी सहसा पुरते.

नव्या लॅपटॉपमध्ये मात्र फिरती चकती नसते, एसएसडी असते. तिच्या चिप वारंवार लिहिण्याने झिजतात. म्हणून ती नवा मजकूर जुन्या जागी न लिहिता दुसरीकडे लिहिते. त्यामुळे एखाद्या फाइलवर पुन्हा लिहिले, तरी जुनी प्रत आत राहू शकते. इथे संपूर्ण डिस्क पुसण्याची सोय वापरावी. दुसरा चांगला मार्ग म्हणजे लॅपटॉप हाती येताच त्यातली माहिती सांकेतिक रूपात साठवण्याची सोय सुरू करणे. तिची किल्ली नष्ट केली, की उरते ती अर्थहीन अक्षरांची रास.

लॅपटॉप दुसऱ्याला देताना आधी शाळेला लागणाऱ्या फाइलींची प्रत काढा. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘रीसेट धिस पीसी’ निवडा, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ म्हणा आणि ‘क्लीन डेटा’ हा पर्याय सुरू करा. याला काही तास लागू शकतात, तेव्हा चार्जर लावून ठेवा. चार दिवसांसाठीच द्यायचा असेल, तर प्रत्येकाला पासवर्डसह वेगळे खाते द्या. आणि ब्राउझर विसरू नका. त्यात ईमेल उघडे राहिले किंवा पासवर्ड साठवलेला असला, तर पुढच्याला काही शोधावेही लागत नाही.

करून पहा : जुन्या पेनड्राइव्हवर झाडा-फुलांचे पाच फोटो घ्या आणि डिलीट करा. फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर वापरून ते परत मिळतात का पहा. मिळालेले फोटो संगणकावर साठवा, पेनड्राइव्हवर नको. आता ‘क्विक फॉरमॅट’ समोरची खूण काढून पेनड्राइव्ह पूर्ण फॉरमॅट करा आणि पुन्हा शोधा. दोन्ही वेळचे निकाल मुलांना वहीत लिहू द्या. मग त्यांना विचारा : या फोटोंच्या जागी तुमच्या आईचे पासबुक असते तर?