चित्रकाराच्या घरचं आभाळ

मैत्रिणींनो, पहाटे पाचला शेजारच्या घरात दिवा लागला तर तुम्ही काय समजता? कुणाला तरी एस.टी. गाठायची असेल, नाहीतर नळाला पाणी आलं असेल. आमच्या घरी गेली चाळीस वर्षं पाचला दिवा लागतो, तो आभाळ बघण्यासाठी. आमचे हे उठतात, गच्चीवर जातात, पूर्वेकडे तोंड करून दोन मिनिटं उभे राहतात आणि खाली येऊन म्हणतात, "आज छान आहे." ढग असले तर म्हणतात, "ढग आहेत, पण बघू." म्हणजे कसंही असलं तरी जायचं ते जायचंच!

हे निसर्गचित्रं काढतात. घरात बसून फोटोवरून नव्हे, तर जागेवर जाऊन, उन्हात, वाऱ्यात. पोट भरलं ते शाळेतल्या चित्रकला-शिक्षकाच्या पगारावर. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवायची, गॅदरिंगचे पडदे रंगवायचे आणि उरलेल्या वेळात चित्रं. २०१६ साली निवृत्त झाले. मला वाटलं, आता तरी सकाळी निवांत चहा घेऊ. पण शाळेची घंटा बंद झाली, तसा पायाला भोवराच लागला.

आम्ही नगरचे. २०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण बोलताना तोंडातून अजून नगरच निघतं. लोक म्हणतात, नगरला काय आहे बघायला? दुष्काळ आणि बाभळी! मीही लग्न होऊन आले तेव्हा हेच म्हणायची. पण एका जिल्ह्यात किती परी आहेत बघा. अकोले तालुक्यात कळसूबाई, १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर. खाली भंडारदऱ्याचं १९२६ साली पुरं झालेलं धरण, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ, भाताची खाचरं, आणि पाऊस असा की ओला हात लवकर कोरडा होत नाही. आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जामखेड, कर्जत, पाथर्डी, जिथे पावसाची वाट बघून डोळे शिणतात. ह्यांचं म्हणणं असं, की नगरच्या चित्रकाराला एक हिरवा रंग येऊन चालत नाही. भाताचा हिरवा वेगळा, उसाचा वेगळा, आणि जानेवारीतल्या ज्वारीचा तर जवळजवळ पांढराच.

आता सामानाचं सांगते, कारण ते भरण्याचं काम माझ्याकडे असे. एक फळी, तिच्यावर चिकटपट्टीने चारी बाजूंनी ताणून लावलेला जाड कागद. रंगांची पेटी, तीन-चार कुंचले, घडीचं स्टूल, टोपी, छत्री. छत्री काळीच हवी, नाहीतर पांढरी. मी एकदा कौतुकाने लाल फुलांची दिली, तर त्या दिवशी संपूर्ण चित्र गुलाबी झालं. रंगीत छत्रीतून आलेला उजेड कागदावर पडतो आणि डोळ्याला फसवतो, हे मला तेव्हा कळलं. पाण्याच्या दोन बाटल्या, एक प्यायची आणि एक कुंचले धुवायची. दोन्ही सारख्या दिल्या तर काय होतं, ते सांगायलाच हवं का? तेव्हापासून प्यायच्या बाटलीला मी सुतळी बांधते.

डबा मात्र कोरडा. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. रस्सा नाही, कारण सांडला तर कागद गेला; आणि हा कागद आपल्या वहीच्या कागदासारखा स्वस्त नसतो.

जागेवर बसल्यावर काम तरी किती वेळ? तुम्हाला वाटेल दिवसभर. छे! फार तर दोन तास. सूर्य वर सरकला की सावल्या सरकतात, आणि ज्या सावलीसाठी बसलो ती निघून जाते. सकाळी साडेसहा ते साडेआठ, नाहीतर संध्याकाळी चारनंतर. भर दुपारी सगळं सपाट दिसतं, झाडाखाली एवढंसं काळं डबकं आणि बाकी नुसता उजेड. म्हणून हे दुपारी घरी येऊन झोपतात, आणि शेजारच्या काकू म्हणतात, "मास्तरांचं बरं आहे बाई!"

एप्रिलमध्ये नगरच्या उन्हात आणखी एक तऱ्हा. पाण्याने आभाळाचा रंग पसरायला घेतला, की कुंचला दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत पहिलं टोक वाळलेलं. मग पाण्यात दोन थेंब ग्लिसरीन टाकायचं, म्हणजे रंग जरा दम धरतो. माझ्या तळव्यांच्या भेगांसाठी आणलेली ग्लिसरीनची बाटली कुठे जाते, याचा शोध मला दोन उन्हाळ्यांनंतर लागला. पावसाळ्यात भंडारदऱ्याला उलट. रंग वाळतच नाही. रतनवाडीला एका माउलीने ह्यांचा कागद चुलीशेजारी धरून वाळवून दिला होता. त्या चित्राला अजून धुराचा वास आहे, असं मला वाटतं. हे म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ.

आणि माणसं! कुठेही बसा, पाच मिनिटांत घोळका जमतो. पण चित्र काढताहेत हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. "साहेब, मोजणीला आलात का?" हा पहिला प्रश्न. "रस्ता इकडून जाणार का?" हा दुसरा. चांदबिबी महालाच्या पायथ्याशी एका आजोबांनी तर स्वतःच्या वावराचा बांध कुठे आहे ते बजावून सांगितलं, म्हणजे सरकारी कागदावर चुकू नये! (हा महाल चांदबिबीचा नाहीच बरं का, दुसऱ्या सलाबतखानाची कबर आहे ती. पण नगरात असं म्हणाल तर कुणी ऐकणार नाही.) भुईकोट किल्ल्याकडे मात्र हे सहसा फळी काढत नाहीत. लष्कराचा भाग, उगाच कशाला चौकशीला तोंड द्या?

आमचं लग्न १९८४ सालचं. बरोबरीच्या मैत्रिणी महाबळेश्वरला गेल्या. मला कोल्हापूरला नेलं. मला वाटलं, अंबाबाईच्या पायावर घालायला. तेही झालं, दहा मिनिटांत. मग टाउन हॉलच्या संग्रहालयात दोन तास अबालाल रहिमानांच्या चित्रांपुढे! नवी साडी, नवी चप्पल चावतेय, आणि हे चित्राला नाक लावून उभे. तिथे मला पहिल्यांदा कळलं की आपण कुणाच्या घरात पडलो आहोत.

अबालाल म्हणजे आपल्याकडे उघड्यावर बसून निसर्ग रंगवणाऱ्यांतले मूळ पुरुष म्हणायला हवेत. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, १८८८ मध्ये व्हाइसरॉयचं पदक मिळवलं. मुंबईत राहते तर पैसा आणि नाव दोन्ही मिळतं. पण कोल्हापूरला परतले आणि तिथेच राहिले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं. कोटितीर्थ तलावाजवळ राहायचे. तो तलाव, रंकाळा, पंचगंगेचा घाट, हेच त्यांचे विषय. तेच पाणी, तेच झाड, पण वेळ वेगळी, म्हणून चित्र वेगळं. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा त्या दुःखात अबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. १९३१ साली ते वारले. हे सारं ह्यांनी मला तिथे उभ्या उभ्या सांगितलं, आणि माझ्या मनात आलं, या माणसाला जेवायला कोण घालत असेल?

हसू नका. चित्रकारांच्या गोष्टींत हा प्रश्न कुणी विचारत नाही. फ्रान्सचा क्लोद मोने, उघड्यावर बसून रंगवणाऱ्यांचा मेरुमणी. गवताच्या गंजी रंगवताना उजेड बदलला की तो दुसरा कॅनव्हास घ्यायचा, मग तिसरा. आता एवढे कॅनव्हास शेतात नेणार कोण? त्याची सावत्र मुलगी ब्लांश. ती ते सारं सामान हातगाडीवर घालून ढकलत न्यायची. ती स्वतःही चित्रकार होती! ह्यांच्या पुस्तकात हे वाचलं तेव्हा मी त्या पानात खूण घालून ठेवली आणि भांडण झालं की तेच पान काढून दाखवायची. मोनेच्या पहिल्या बायकोचं, कामीचं, १८७० सालचं एक चित्र आहे, समुद्रकाठी बसलेली. ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, आणि त्या रंगात त्या दिवशीच्या वाळूचे कण चिकटलेले सापडले. आमच्याकडे तर जामखेडच्या रस्त्याची माती लागलेली निदान सहा चित्रं निघतील, पण ती पलंगाखाली आहेत.

भांडणं झाली का? झाली की! मुलगी चार वर्षांची असताना तापाने फणफणली होती आणि हे रंधा धबधब्याला. तेव्हा खिशात फोन नव्हते. मी एकटी तिला खांद्यावर टाकून रिक्षाने दवाखान्यात गेले. दुसऱ्या दिवशी हे चित्र घेऊन आले, आणि मी ते बघितलंसुद्धा नाही. आठ दिवस भिंतीकडे तोंड करून उभं होतं ते. अजूनही त्यातलं पाणी मला थंड वाटत नाही.

पण आता जे सांगणार आहे, त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

२०१९-२० च्या सुमारास ह्यांनी एक नवी तक्रार सुरू केली. "अगं, शर्ट पिवळट का धुतलास?" मी साबण बदलला. तक्रार चालूच. मग नीळ जास्त घालायला लागले. पांढऱ्या कपड्यावरून बोलणी खाणं कोणत्या बाईला आवडेल? मी आणखी नीळ घातली. २०२२ च्या दिवाळीला मुलगी घरी आली आणि म्हणाली, "आई, बाबा निळा शर्ट कधीपासून घालायला लागले?"

मी शर्ट हातात घेऊन दारात, उजेडात गेले. खरंच निळा! हे मात्र म्हणतात, "आता कुठे पांढरा झालाय."

माझ्या पोटात गोळा आला. मी आतल्या खोलीत जाऊन गेल्या तीन वर्षांची चित्रं काढली आणि जुन्या चित्रांशेजारी ओळीने मांडली. भंडारदऱ्याचे लांबचे डोंगर १९९० च्या चित्रात निळसर धुरकट होते, आता तांबूस. धरणाचं पाणी चहासारखं. मी रोज बघत होते, पण थोडं थोडं बदललेलं कुणाला कळतं? कढीला रोज चिमूटभर हळद जास्त पडावी, तसं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डोळ्यातलं भिंग वयाने पिवळट, गढूळ होतं आणि निळा उजेड आत कमी जाऊ देतं. हळूहळू होतं, म्हणून माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही. वर्षानुवर्षं उन्हात बसणाऱ्याला धोका जास्त, मधुमेह्यांनाही. तुमच्या घरात कुणी चष्म्याचा नंबर सारखा बदलून घेत असेल, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकतात म्हणत असेल, वाचायला दिवा पुरत नाही म्हणत असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. आणि पांढऱ्या कपड्यावरून कुणी बोलायला लागलं तर आधी नीळ वाढवू नका!

मी धीर देत होते, पण ह्यांचं तोंड उतरलं. ऑपरेशनची भीती नव्हती; ती पंधरा-वीस मिनिटांची गोष्ट, संध्याकाळी घरी. भीती वेगळीच होती. रात्री मला म्हणाले, "म्हणजे तीन वर्षं मी जे बघितलं, ते तिथे नव्हतंच?" मला उत्तर सुचलं नाही. मी तेच खूण घातलेलं पुस्तक काढलं. मोनेलाही १९१२ मध्ये मोतीबिंदू सांगितला होता. त्याने अकरा वर्षं टाळाटाळ केली, १९२३ साली एका डोळ्याचं ऑपरेशन केलं. मधल्या काळातली त्याची चित्रं तांबूस-पिवळी झाली, काही त्याने स्वतःच फाडली. ते पान वाचून ह्यांनी दुसऱ्याच आठवड्याची तारीख घेतली.

एका डोळ्याची पट्टी निघाली तो दिवस मी विसरणार नाही. ओट्यावर दुधाचं पातेलं होतं. हे त्याच्यापुढे उभे राहून एक डोळा झाकत, मग दुसरा. "या डोळ्याने दूध, आणि या डोळ्याने बासुंदी," म्हणाले, आणि मग खुर्चीत बसून राहिले. महिनाभर धुळीत जायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, थेंब वेळच्या वेळी. पहाटे पाचला दिवा लागायचाच. पण हे गच्चीवरून खाली येऊन नुसते बसायचे. मला ते बघवत नसे. महिन्यानंतर दुसरा डोळा झाला.

बरे झाल्यावर पहिलं काम काय केलं असेल? ती तीन वर्षांची चित्रं दुरुस्त करायला काढली! जलरंग पुन्हा ओला केला तर कागदाचा चोथा होतो, हे मला ह्यांनीच शिकवलेलं. मी सगळी चित्रं कपाटात घातली, कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवला, कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला. दोन दिवस अबोला होता.

त्यातलं एक मात्र मी चौकट करून बैठकीत लावलं आहे. काचेच्या आत पुठ्ठ्याची कड ठेवून, म्हणजे कागद काचेला चिकटत नाही. आणि ऊन येणार नाही त्या भिंतीवर. भंडारदऱ्याचंच आहे, तांबूस डोंगरांचं. येणारे-जाणारे विचारतात, "संध्याकाळचं का हो?" हे तोंड उघडायच्या आत मी म्हणते, "हो, संध्याकाळचं. चहा घेणार ना?"

उद्या हे पाथर्डीकडे निघालेत, ज्वारी पोटरीला आली आहे म्हणे. टोपी रुंद काठाची घेतली आहे, गॉगल मी पिशवीत टाकला आहे. चित्र काढताना तो काढून ठेवतील, हे मला ठाऊक आहे.