कुटुंब न्यायालय : निवाड्याआधी समेट

जमिनीच्या बांधावरून वा उसनवारीच्या दस्तऐवजावरून भांडणारे वादी-प्रतिवादी, हुकूमनामा एकदा हाती पडला की, एकमेकांचे तोंडही न पाहता उर्वरित आयुष्य काढू शकतात. परंतु ज्यांच्या वादाच्या मध्यभागी सहा वर्षांचे एक अजाण मूल उभे आहे, त्यांचे पति-पत्नी हे नाते न्यायालयाच्या निकालाने संपले, तरी आई-बाप हे नाते त्याच दिवसापासून अधिक कठीण आणि अधिक जबाबदारीचे होते. या सत्याची दखल घेऊन कायद्याने जी निराळी संस्था निर्माण केली, ती म्हणजे कुटुंब न्यायालय.

या संस्थेची आवश्यकता ओळखण्यास आपल्या समाजाला फार काळ लागला. बालपणी झालेला विवाह नाकारून पतिगृही जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंवर दादाजी भिकाजी यांनी 1884 साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला, तेव्हा प्रश्न एका स्त्रीच्या अंतःकरणाचा असला, तरी तो सोडविण्याची साधने मात्र मालमत्तेच्या दाव्याचीच होती. आणि 1887 साली तिला पतीकडे जाणे किंवा सहा महिन्यांचा कारावास यांतून निवड करण्याचा हुकूम झाला. पुढे पैसे देऊन तडजोड झाली, रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. हिंदू विवाहविच्छेदाला मुंबई प्रांताने 1947 साली, तर देशाने 1955 साली कायदेशीर मान्यता दिली. परस्पर संमतीच्या घटस्फोटाची तरतूद 1976 मध्ये आली. कायदा असा उदार होत गेला, तरी कैफियत, सरतपासणी, उलटतपासणी ही सारी रीत पूर्वीचीच राहिली.

1953 साली चीनच्या दौऱ्यात तेथील कुटुंब न्यायालयांचे काम पाहून आलेल्या दुर्गाबाई देशमुख यांनी न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्याशी विचारविनिमय करून पंडित नेहरूंपुढे अशा न्यायालयांची सूचना मांडली. विधि आयोगाने 1974 च्या आपल्या 59 व्या अहवालात कौटुंबिक वादांसाठी वेगळी पद्धती असावी असे सुचविले, आणि अखेर 1984 साली कुटुंब न्यायालय अधिनियम संमत झाला. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत असे न्यायालय स्थापणे राज्य सरकारांवर बंधनकारक झाले. मुंबईचे वांद्रे-कुर्ला संकुलातील आणि पुण्याचे शिवाजीनगरातील न्यायालय ही त्याच कायद्याची अपत्ये होत.

या अधिनियमाची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. न्यायाधीश नेमताना विवाहसंस्थेविषयी आणि मुलांच्या कल्याणाविषयी आस्था असलेल्या व्यक्ती निवडाव्यात, त्यांतही स्त्रियांना प्राधान्य द्यावे, असे तो सांगतो. पक्षकारांपैकी कोणी मागणी केल्यास सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. वकील उभा करणे हा येथे पक्षकाराचा हक्क नाही, ती न्यायालयाची परवानगी आहे. आणि पुराव्याच्या काटेकोर नियमांत न बसणारा एखादा अहवाल वा कागदही, वाद समजून घेण्यास उपयुक्त वाटल्यास, न्यायाधीशाला पाहता येतो. सर्वांत महत्त्वाचे हे की, समेटाचा प्रयत्न करणे हे कलम 9 ने न्यायालयाचे कर्तव्यच ठरविले आहे.

हे कर्तव्य प्रत्यक्षात पार पडते ते विवाह समुपदेशकाच्या खोलीत. आधी एकाला, मग दुसऱ्याला, आणि शक्य झाले तर दोघांना एकत्र बसवून समुपदेशक त्यांचे म्हणणे ऐकून घेतो. येथे बोललेले गोपनीय राहते, म्हणूनच अर्जात क्रूरतेचे आठ परिच्छेद लिहिणारी व्यक्ती येथे प्रथमच, ‘मला परत जायचे नाही, पण मुलाने त्यांना भेटावे’, असे मोकळेपणाने म्हणू शकते. संसार पुन्हा जुळला तर उत्तमच. पण न जुळता दोन माणसे अपमानाविना वेगळी झाली, तरी या खोलीचे काम सार्थकी लागले असे मी मानतो.

मुलाच्या ताब्याचा प्रश्न यांत सर्वांत नाजूक. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाप्रमाणे पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, आणि कोणत्याही वयात मुलाचे कल्याण हाच सर्वश्रेष्ठ निकष मानावा. पण कल्याण हा मोठा शब्द शेवटी संमतीपत्रातील लहान-लहान कलमांतच उतरतो: शनिवारी किती वाजता न्यावे, रविवारी कुठे आणून सोडावे, गणपती कोणाकडे, दिवाळीच्या सुट्टीचा कोणता अर्धा भाग कोणाकडे, शाळेची फी कोणी भरावी, शिक्षकांना भेटायला कोणी जावे. ही कलमे जितकी स्पष्ट, तितकी पुढे भांडणाला जागा कमी.

पोटगीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात दोन्ही पक्षांनी मिळकत, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे ठरविले. त्यामुळे उत्पन्न लपविणे अवघड झाले. संमतीच्या घटस्फोटातील सहा महिन्यांची मुदतही, समेटाची आशा उरली नसेल तर, माफ होऊ शकते, असा निर्णय 2017 साली झाला. तरीही तारखांवर तारखा पडतात, दरखास्तीवाचून पोटगी वसूल होत नाही, आणि या विलंबात मुलांचे बालपण निघून जाते. न्यायाधीश आणि समुपदेशक यांची संख्या वाढविल्यावाचून या दोषाचे निवारण होणार नाही.

ज्यांच्यावर या न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ आली आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती एवढीच: समुपदेशकाच्या खोलीत खरे बोला, आपली मिळकत लपवू नका, आणि एकमेकांना पोहोचवायचा निरोप मुलाच्या तोंडी कधीही देऊ नका.