कुत्रा, कम्प्युटर आणि पावणेदोन लाख डॉलर्स

कम्प्युटरसमोर खुर्चीत बसलेला कुत्रा खाली बसलेल्या दोस्ताला सांगतोय, की इंटरनेटवर आपण कुत्रे आहोत हे कुणालाच कळत नाही! आठवलं? पीटर स्टायनरचं हे कार्टून ‘द न्यूयॉर्कर’च्या ५ जुलै १९९३च्या अंकातलं. नंतर ते जगभर फिरलं. आणि ऑक्टोबर २०२३मध्ये त्याचं ओरिजिनल अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात तब्बल १ लाख ७५ हजार डॉलर्सना गेलं!

नेटवर फुकट दिसणाऱ्या चित्राला एवढे पैसे? मलाही हाच प्रश्न पडला. पण ओरिजिनलचा फंडाच वेगळा. छापताना गायब होणारं बरंच काही अशा कागदांवर सापडतं. अर्धवट पुसलेली पेन्सिल, पांढऱ्या रंगाखाली झाकलेली रेघ, संपादकाच्या खुणा. एकेकाळी छपाई झाली की यातले कितीतरी कागद सरळ फेकले जायचे. म्हणून उरलेल्यांना भाव! ‘मॅड’च्या १९५६च्या ३०व्या अंकाचं नॉर्मन मिंगोने रंगवलेलं कव्हर २००८मध्ये दोन लाख डॉलर्सच्या वर गेलं.

मला खटकतं ते वेगळंच. चित्र पुन्हा विकलं गेलं, की अमेरिकेत चित्रकाराला त्यातला वाटा कायद्याने मिळत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५३-अ मध्ये, दहा हजार रुपयांच्या वरच्या पुनर्विक्रीसाठी तशी तरतूद आहे. पण ती माहितेय किती जणांना?

आणि हो, कागद घेतला म्हणजे कॉपीराइट मिळत नाही. तेव्हा भिंतीवर ओरिजिनल हवंच असेल, तर आवडत्या चित्रकारालाच थेट विचारा. पैसे योग्य खिशात जातील!