पोत्यातलं बटण

निवृत्तीनंतर सुरुवातीची दोनेक वर्षं मला पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी चक्कर मारायची सवय लागली होती. घ्यायचं काहीच नसे. तेहतीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब ठेवलेल्या माणसाला विनाहिशेब भटकण्यात जे सुख मिळतं, तेवढ्यापुरतं जाणं. अशाच एका रविवारी एका गोणपाटावर पितळी बटणांचा ढीग दिसला. विक्री नगावर नव्हती, वजनावर होती. मी एक बटण उचललं. हिरवा गंज चढलेला, मागं तारेची कडी, पुढं झिजून अर्धवट उरलेला आकडा. पहिला तीन असावा, दुसरा कळेना.

"हे कुठून आलं हो?" मी विचारलं.

मान वर न करता विक्रेता म्हणाला, "पोत्यातून, साहेब."

मी हसलो आणि दहा रुपये देऊन ते बटण खिशात टाकलं. पण घरी येईपर्यंत ते उत्तर डोक्यातून जाईना. कारण ते खरं होतं. त्या बटणाचा जेवढा इतिहास आता जगात शिल्लक होता, तो पोत्यापासूनच सुरू होत होता.

आपल्याकडे तर बटणाचं येणंच फार उशिराचं. आपल्या पणजोबांची बाराबंदी बंदांनी बांधलेली, अंगरखा कशांनी आवळलेला, लहान मुलाचं झबलंही बंदांचंच. कापडावर कापडाचीच गाठ. असा माणूस मातीत गेला की त्याच्या कपड्यांतलं काही म्हणता काही उरत नाही. आपल्या हवेत सुती कापड बघता बघता कुजतं. म्हणून उत्खननात मणी मिळतात, बांगड्यांचे तुकडे मिळतात, पण सदरा मिळत नाही. तो कसा होता हे दगडातल्या मूर्तींना विचारावं लागतं. मोहेंजोदडोला काशीनाथ नारायण दीक्षित या आपल्या मराठी पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली 1925-26 च्या हंगामात तो प्रसिद्ध दाढीवाल्या पुरुषाचा पुतळा निघाला. त्याच्या डाव्या खांद्यावरून तिपानी नक्षीची शाल घेतलेली आहे. बटण एकही नाही.

गंमत अशी की त्याच मोहेंजोदडोत बटणं मात्र सापडली आहेत. शंखाची, शंखजिऱ्याच्या दगडाची. काहींना मागच्या बाजूनं दोन तिरकी भोकं पाडून ती आतल्या आत एकमेकांना मिळवलेली, म्हणजे दोरा पुढून दिसू नये. किती हा नखरा! ही बटणं लावण्यासाठी कमी आणि मिरवण्यासाठी जास्त असावीत, असं अभ्यासक मानतात. बटणाला काज भेटलं ते फार पुढं. युरोपात ते तेराव्या शतकात रूढ झालं. तोवर चार हजार वर्षं बटण नुसतं नटून बसलं होतं म्हणायचं.

आणि कापड? तेही एका ठिकाणी वाचलं. मोहेंजोदडोच्या एका चांदीच्या भांड्याला कापडाचा कपटा चिकटलेला निघाला. धातूला गंज चढतो तेव्हा त्यातले क्षार शेजारच्या कापडात उतरतात आणि कुजवणाऱ्या जंतूंना तिथं जगू देत नाहीत. आपण ज्या गंजाला नावं ठेवतो, त्यानंच ते चिमूटभर कापड साडेचार हजार वर्षं सांभाळलं. ते तपासलं गेलं कुठं, तर आपल्या मुंबईत, माटुंग्याच्या कापूस संशोधन प्रयोगशाळेत. टर्नर आणि गुलाटी या तज्ज्ञांनी तो खराखुरा कापूस असल्याचं 1928 मध्ये लिहून ठेवलं. नेवाशालाही असंच घडलं. डॉ. ह. धी. सांकलियांच्या उत्खननात तिथं एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली आणि मण्यांच्या आत ती ओवणारा धागा अजून शिल्लक होता. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी तो ओवला होता. मणी त्या गळ्यातच सापडले म्हणून आपण मूल म्हणतो. तेच मणी ढिगात सापडले असते तर नुसते मणी.

या "तिथंच सापडले" ला काय किंमत असते, ते मला नीट कळलं ते लिथुआनियाच्या विल्नियस शहरातल्या एका खड्ड्याबद्दल वाचताना. 2001 च्या शरदात तिथल्या जुन्या लष्करी छावणीच्या जागेवर बांधकामासाठी बुलडोझर लावला आणि माणसांची हाडं वर आली. एक-दोन नव्हे. मोजदाद पुढं तीन हजारांच्या वर गेली. सुरुवातीला लोकांना वाटलं, हे विसाव्या शतकातल्या एखाद्या राजवटीचं पाप असणार. त्या शहरानं तशी पापं पाहिलेली होती. मग हाडांबरोबर नाणी निघाली, नेपोलियनच्या मुद्रेची. आणि बटणं निघाली.

नेपोलियनच्या फ्रेंच पायदळात गणवेशाच्या बटणावर रेजिमेंटचा क्रमांक असे. 1812 च्या उन्हाळ्यात पाच लाखांहून मोठी फौज घेऊन तो रशियावर गेला. डिसेंबरात उरलेसुरले सैनिक परतीच्या वाटेवर या शहरात पोहोचले. सम्राट त्याआधीच त्यांना सोडून पॅरिसकडे निघून गेला होता. अंगावर लढाईच्या जखमा फारशा नव्हत्या. थंडी, उपासमार आणि रोग यांनी माणसं मेली आणि शहरातल्या खंदकांत ढकलली गेली. कुणाची नावं लिहून घेणार? पण बरगड्यांवर बटण होतं. त्यावरच्या आकड्यावरून जवळपास एकशे नव्वद वर्षांनी सांगता आलं की हा अमुक रेजिमेंटचा. नाव नाही मिळालं, पण निदान खातं तरी मिळालं, असं माझ्यातला बँकवाला मनाशी म्हणाला.

कपड्यांनी त्याहून जास्तही सांगितलं. 2006 मध्ये फ्रेंच संशोधकांनी त्या कापडाच्या चिंध्यांत आणि मातीत उवांचे अवशेष शोधले आणि उवांमुळे पसरणाऱ्या तापांचा माग काढला. 2025 मध्ये दुसऱ्या एका गटानं तेरा सैनिकांच्या दातांची नव्या पद्धतीनं तपासणी केली. त्यांना पॅराटायफॉइड आणि उलटून येणारा ताप यांचे जंतू मिळाले. हे सगळं कधी शक्य झालं? बटण, चिंधी, दात आणि माती एकमेकांना सोडून गेली नव्हती म्हणून. तिथली बटणं आधीच कुणी वेचून बाजारात नेली असती, तर आज ती एखाद्या गोणपाटावर वजनानं विकली गेली असती.

खुद्द पुरातत्त्ववाल्यांनाही हे शहाणपण सावकाश आलं. मोहेंजोदडोच्या खोदाईत वस्तू किती खोलीवर मिळाली याचा आकडा टिपत, पण मातीच्या कुठल्या थरात, कशाच्या शेजारी याकडे काणाडोळा होई. पुढं मॉर्टिमर व्हीलरनी त्यावरून आधीच्या लोकांना चांगलंच झोडपलं. ते वाचताना मी मान खाली घातली. कारण असंच एक उत्खनन मीही केलं आहे.

1990 च्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. एका निवृत्त शिक्षिकेचा लॉकर उघडायचा होता. बाई वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं, किल्ली सापडत नव्हती. पुतण्या वारस. पंचांसमक्ष लॉकर फोडला. आत दोन पाटल्या, मुदत ठेवीच्या पावत्या आणि मलमलीत गुंडाळलेलं एक झबलं. झबल्याच्या बंदांना चांदीची साखळी गाठ मारून बांधलेली, साखळीला पुरुषी सदऱ्याची चार बटणं. गाठ पक्की होती. सराफाला वजन करायचं होतं, म्हणून ती मी माझ्या हातानं सोडवली. नखं दुखली, एवढं आठवतं.

मग यादी केली. "चांदीची बटणे, नग 4, साखळीसह", पुढं वजन. त्याच्या खाली वेगळ्या ओळीत, "जुने कापड, नग 1". पंचांच्या सह्या झाल्या. पुतण्यानं चांदी समोरच्याच पेढीवर मोडली. झबलं टेबलावरच राहिलं होतं, ते संध्याकाळी झाडताना गेलं.

यादीत एका अक्षराची चूक नव्हती. ऑडिटला ती निर्दोष ठरली. पण मूल नसलेल्या बाईच्या लॉकरमध्ये ते झबलं कुणाचं, आणि कुणाची बटणं तिनं त्याला बांधून ठेवली होती, हे सांगणारी एकच गोष्ट त्या लोखंडी कप्प्यात होती, ती म्हणजे गाठ. ती मी यादीत लिहिली नाही. या विषयावर कादंबरी लिहायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा चाळीसेक पानांवर अडलो. मनाचं काही घालावंसं वाटेना, आणि हाती तर दोन ओळींपलीकडे काही नव्हतं.

आमच्या घरी बटणांचा एक डबा आहे. बिस्किटांचा जुना, झाकणावरचं चित्र पुसलेला. पत्नीनं चाळीस वर्षांत एकही बटण टाकलेलं नाही. जुन्या बाजारातलं ते पितळी बटण मी त्यात टाकायला गेलो, तेव्हा तिनं हात धरला. "आधी सांगा, कुणाचं ते. उगाच कुणाचंही नको यात." मी ते टेबलाच्या खणात ठेवलं, अजून तिथंच आहे.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी मी तिला डबा घेऊन बसवलं आणि वही उघडली. हे थोरल्याच्या पहिल्या शाळेच्या गणवेशाचं. हे सासूबाईंच्या स्वेटरचं. हे तुमच्या त्या राखाडी सफारीचं, जी मला कधीच आवडली नाही. मी लिहीत होतो. बासष्ट नोंदी झाल्या. मग तिनं एक छोटं हिरवं, फुलाच्या आकाराचं बटण उचललं, खिडकीपाशी नेलं, उलटंसुलटं केलं.

"अहो, थांबा जरा," ती म्हणाली. "आठवेल मला."

मी त्रेसष्टावा आकडा घालून पुढची ओळ मोकळी सोडली आहे.