'ऑपरेशन'च्या आधीचं बोलणं

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात घरातली बरीच कामं धानाच्या हंगामावर ठरतात. रोवणी लागली की बाया दिवसभर चिखलात असतात. मग निंदण, कापणी आणि शेवटी चुरणं. दवाखान्याचं काम त्यानंतर निघतं आणि त्यात एक काम ठरलेलं असतं, 'ऑपरेशन'. कशाचं, हे कोणी विचारत नाही. गोसीखुर्द धरणाच्या आसपासच्या गावांत काय किंवा उर्वरित महाराष्ट्रात काय, कुटुंबनियोजन म्हणजे बाईचं ऑपरेशन, हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

देशाचे आकडेही तेच सांगतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचा आकडा ०.३ टक्के होता. तांबी वापरणाऱ्या स्त्रिया २ टक्क्यांच्या आसपास होत्या. म्हणजे लग्न, लागोपाठ दोन बाळंतपणं आणि मग थेट ऑपरेशन. मधली जी वर्षं बाईच्या अंगाला विसावा देऊ शकतात, त्या वर्षांसाठी काय वापरायचं, हे बोलणं होतच नाही.

उपकेंद्राच्या ओसरीवर ते निघालंच, तर साधारण असं निघतं :

"पहिलं लेकरू सहा महिन्याचं नाही झालं तुयं. तांबी काहून नाही बसवत?"

"नाही वं ताई. ते वरतं चढते म्हणतेत. छातीत जाते."

अशा वेळी अनुभवी सिस्टर वाद घालत बसत नाही. पाकिटातली तांबी काढून ती बाईच्या तळहातावर ठेवते. इंग्रजी 'टी'च्या आकाराची, तीन-साडेतीन सेंटिमीटरची, लवचीक प्लास्टिकची काडी. तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली आणि खाली दोरा. गर्भाशय पेरूएवढं असतं आणि वर पोटात उघडणारी मोठी वाट त्याला नसते. बसवताना क्वचित इजा होऊ शकते, कधी तांबी आपोआप खाली निसटते, म्हणून पहिल्या पाळीनंतर तपासून घ्यायची. पण छातीपर्यंत जायला तिला रस्ताच नाही. एक प्रकार ५ वर्षं चालतो, दुसरा १० वर्षं. काढली की लगेच दिवस राहू शकतात. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ४८ तासांच्या आतही ती बसवता येते.

तांबीशिवायही सरकारी दवाखान्यात बरंच काही फुकट मिळतं. 'अंतरा' हे तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन. 'छाया' ही संप्रेरक नसलेली गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा घ्यायची, मग आठवड्यातून एकदा. 'माला-एन' ही रोजची गोळी आहे. निरोध तर आहेच, आणि एचआयव्हीसारख्या लागणीपासून वाचवणारं यातलं ते एकच साधन. चूक झालीच, तर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी आहे. जितकी लवकर घ्याल तितकी ती उपयोगी. ती गर्भपाताची गोळी नाही आणि दर वेळी घ्यायचीही नाही.

यादी आशाताईला पाठ असते. पण यादी वाचून दाखवणं म्हणजे सल्ला नव्हे. 'यातलं चांगलं कोणतं?' या प्रश्नाला डॉक्टरकडेही उत्तर नसतं, कारण अर्धी माहिती बाईकडेच असते.

उदाहरण सिकलसेलचं घ्या. पूर्व विदर्भात हा आनुवंशिक रक्तविकार घरोघरी ऐकू येतो. तांबीने पहिले काही महिने पाळीत अंगावरून जास्त जाऊ शकतं. आधीच रक्त कमी असलेल्या सिकलसेलच्या रुग्णाला ते जड जाईल. माला-एनसारख्या गोळीने रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो, आणि या आजारात तो मुळातच जास्त असतो. त्यामुळे डॉक्टर दुसऱ्या साधनाचा विचार आधी करतात. मात्र नुसता वाहक असणं वेगळं आणि रुग्ण असणं वेगळं. रिपोर्ट सोबत न्यावा तो यासाठीच.

अंगावर पाजत असाल तर बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत माला-एन नको. छाया चालते, अंतरा सहा आठवड्यांनंतर चालतं. बीपी असेल, अर्धशिशीत डोळ्यांपुढे झगमग दिसत असेल, तर सांगा. टीबीचं औषध सुरू असेल तर जरूर सांगा, कारण त्यातल्या एका औषधाने गोळीचा असर कमी होतो. वर्षभरात दुसरं मूल हवं असेल तर तेही सांगा, कारण 'अंतरा'च्या शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात.

सगळ्यात अवघड जातं ते 'पांढरं जाते' हे सांगणं. ते किती दडलेलं राहतं, हे वैनगंगा इथून पुढे जिकडे जाते त्या गडचिरोलीत दिसलं. तिथल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. दुखणं होतं, विचारणारं कोणी नव्हतं. आत जंतुसंसर्ग असताना तांबी बसवली, तर त्रास वाढतो आणि नाव तांबीचं खराब होतं. मग ती एका बाईची गोष्ट गावभर होते.

ही गप्प बसायची सवय जुनी आहे आणि ती मोडायचा प्रयत्नही जुना आहे. १९२१ साली लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी संततिनियमनाचा दवाखाना उघडला. त्याच वर्षी मुंबईत गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी सल्ला केंद्र सुरू केलं. या कामापायी त्यांची नोकरी गेली. त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे १९३८ साली बाबासाहेबांच्या पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. 

कर्व्यांचा भर समजावण्यावर होता. आणीबाणीत सरकारचा जोर धाकावर गेला. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. पण त्या काळाची धास्ती पुरुषांच्या मनात राहिली आणि ऑपरेशनचा भार बाईकडे सरकला. खरं तर बिनटाक्याची पुरुष नसबंदी सोपी असते, माणूस त्याच दिवशी घरी येतो. तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून घ्यायचं, एवढंच पथ्य. 'मग नांगर कसा धरू?' ही भीती निराधार आहे. नळी बंद होते, पण पुरुषी संप्रेरक रक्तातून जातं, त्या नळीतून नाही.

ऑपरेशन वाईट नाही. मूल नको हे पक्कं असेल तर तो उत्तम उपाय आहे. पण ते कायमचं आहे, हे सही करण्याआधी कळायला हवं. २०१४ साली शेजारच्या छत्तीसगडमध्ये, बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या आणि त्यांतल्या किमान तेरा दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. संमतिपत्र आपल्या भाषेत वाचून घेणं हा हक्क आहे. ऑपरेशनसाठी नवऱ्याची सही नियमाने लागत नाही. आणि साधन फसून दिवस राहिले, तर २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात 'विवाहित' ही अटही उरलेली नाही.

आता पुन्हा त्या ओसरीवर येऊ. समजा, बाईने अंतरा घ्यायचं ठरवलं. तारीख १५ एप्रिल. सिस्टर कार्डावर पुढची तारीख लिहिते, १५ जुलै. बाई कार्डाकडे पाहते आणि म्हणते, "तवा तं रोवणं राह्यते. मजुरी बुडवून कशी येऊ?"

ती हे बोलली नसती, तर इंजेक्शन चुकलं असतं आणि कदाचित दिवाळीत पुन्हा दिवस गेलेले कळले असते. पण ती बोलली. म्हणून सिस्टरला सांगता आलं, "दोन आठवडे आधी ये, नाहीतर चार आठवडे उशिरा आली तरी चालते. त्याहून उशीर नको करू." कार्डावर १५ जुलैच्या शेजारी ती पेनाने '१ जुलै' लिहिते, आणि बाई ते कार्ड पोलक्याच्या खिशात घालते.